वाढलेल्या ताटावरचा यमन

नाही, म्हणजे वरणाचं सगळ्यांनी कौतुक केलं हो, वांग्याच्या भाजीचं केलं, निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं तर विचारूच नका, शेजारच्या कैलासनं चौथा रोडगा तुपात बुडवताना डोळेसुद्धा पुसले... पण गाणं? तुम्हाला सांगतो, माझ्या घरी, माझ्याच अंगणात, मी माणसांपुढे गायलो, आणि मी गायलो हे पाहुण्यांपैकी कुणालाही ठाऊक नाही! आता चूक माझीच असेल, मी नाही म्हणत नाही. पण अशी चूक कुणाच्या नशिबी येते हो?

हे सगळं सुरू केलं वर्षालीनं. वर्षाली म्हणजे आमची मुलगी, पुण्याला असते, आणि पुण्याला म्हणे मित्रांना नुसतं जेवायला बोलावत नाहीत, जेवणाला 'थीम' लागते. "बाबा, तुम्ही संगीताची ठेवा! एकेका पदार्थाला एकेक राग!" आता मी पडलो वनस्पतिशास्त्राचा माणूस, कपाशीच्या पानांवर पीएचडी केलेला, मला वर्गीकरण करायला द्या, मी दिवसभर जेवण मागत नाही. बसलो. वांग्याच्या भाजीला मारवा दिला, कारण खाल्ल्यावर माणूस अस्वस्थ होतो. वरणाला भूप, साधा, आपल्यालाही जमेल असं वाटायला लावणारा... आणि रोडग्यांना यमन. का? कारण मला तेवढाच येतो! निवृत्त झाल्यापासून नागपूरच्या आनंदाबाईंकडे मोबाइलवर गाणं शिकतोय, पण दुसरा राग बाईंनी दिलेलाच नाही. "सर, तुमचा सा लागतो," म्हणतात, "पण घाबरत घाबरत लागतो." तेव्हा ठरलं, बाकीचे राग मोबाइलवर वाजवायचे आणि यमन आपण गायचा.

मला काय हवं होतं सांगू? टाळ्या नकोत, शाल नको. नीट सा लागला की समोरच्याच्या तोंडून नकळत निघतो ना, एक 'वा'... तेवढा. मरायच्या आधी एकदा.

विमलला सांगितलं, तर ती अंगणात गोवऱ्या रचता रचता म्हणते, "रागाचं तुमचं तुमी पाहा, मले फक्त सांगा माणसं किती येऊन राह्यले. अन् गाणार कधी? आदी गाल तर लोक उशिरा येतीन, मागून गाल तर जेवून पळतीन!"

बघा, बायको नाही, परीक्षक! रात्रभर तळमळलो आणि मग एकदम सुचलं. आपल्याकडे वाढलेल्या ताटावरून माणूस उठतो का? मेला तरी उठत नाही! म्हणजे ताटं वाढायची, तूप सोडायचं, आणि पहिला घास घ्यायच्या आत आपण सुरू करायचं. श्रोता जागेवर खिळलेला! मला माझ्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं... चूक तिथेच झाली असेल, मी नाही म्हणत नाही. पण कागदावर बिनतोड होतं हो!

आले सगळे. समुद्रपूरहून रूपराव आले, आमचे शाळेपासूनचे मित्र, आता पूर्णवेळ शेतकरी आणि पूर्णवेळ मोठ्या आवाजाचे. आमच्याच कॉलेजात गणित शिकवलेले वासुदेवराव आले. शेजारचा कैलास आला, आणखी दोनचार कॉलनीतले. निखाऱ्यातले रोडगे निघाले, राख झटकली, सतरंज्यांवर पंगत बसली, विमलनं तूप सोडलं. मी उभा राहिलो. थीम वगैरे समजावून सांगायची होती, पण म्हटलं आता बोलायला गेलो तर गायचं राहून जाईल, आणि डोळे मिटून 'हरी ओम'च्या बोलांवर थेट आलापच सुरू केला...

आणि तुम्हाला सांगतो, एक डोळा जरासा उघडून पाहतो तर काय! सगळ्यांचे हात जोडलेले! डोळे मिटलेले! वासुदेवरावांची मान खाली! रूपराव, जो माणूस सिनेमातसुद्धा गप्प बसत नाही, तो गप्प! म्हटलं, हीच ती तल्लीनता! सूर आपोआप चढला. गंधार लागला, तीव्र मध्यम लागला, निषादावर आलो आणि तिथेच रेंगाळलो, कारण यमनाची सगळी मजा तिथे आहे हो, वरचा सा समोर दिसतोय आणि आपण अजून दारातच उभे... आता फक्त सा. घाबरायचं नाही. छाती भरून श्वास घेतला...

"बोला पुंडलिक वरदेऽऽ!" रूपराव!

"हाऽऽरि विठ्ठल!" सगळी पंगत!

आणि कडाकड रोडगे फुटले हो! माझा यमन त्यांनी श्लोक समजून घेतला होता! जेवणाआधीचा श्लोक! मी उभा, तोंड उघडं, वरचा सा घशात... तो अजून तिथेच आहे, पाणी पिताना लागतो. "अहो..." म्हणालो, तर कैलास म्हणतो, "एकच श्लोक पुरे असते जी सर!" आणि रूपराव, "बसा नं बाप्पा, काऊन उभे? वरण थंडं होऊन राह्यलं!" मग 'वा' पण आला हो, आला! तुपावर आला.

सांगायचं होतं ना, म्हणाल. सांगणार होतो. पण वासुदेवराव हळूच म्हणाले, "सर, असा श्लोक आमचे बाबा म्हणत. लय दिवसांनी जेवणाआदी हात जोडले." आता यांना काय सांगू, की तो यमन होता? आणि शंका ही, की फरक त्यांना ऐकू आला नाही, तर तो होता का? चूक माझीच असेल, मी नाही म्हणत नाही. बसलो. मारवा खाल्ला, भूप प्यायलो. मोबाइल खिशातच राहिला.

निघताना रूपराव फाटकातून ओरडले, "सर, रविवारी समुद्रपूरले येजा! नातवाचं बारसं हाये, मोठी पंगत हाये, श्लोक तुमीच म्हणजा!"

विमल म्हणाली, "जा नं. तिथंबी लोक डोळे मिटून ऐकतीन."

मी हो म्हटलंय. पहाटे रियाज सुरू आहे, यमनच; आलाप, ताना सगळं बाजूला ठेवलंय, निषादापासून वरच्या सापर्यंत एका दमात पोचायचं, एवढंच घोटतोय. कारण मोठी पंगत आहे, माणसं भुकेली असणार... मी श्वास घेतला, की ते घास घेणार!