ओळंब्याच्या बुडाची वाळू

(संग्रहालयातलं जुनं दालन, नव्याने सजवलेलं. उद्या उद्घाटन. ताई इथे लोकांना माहिती सांगते. धाकटा तिचा भाऊ, आणि तिचा साहेबही.)

ताई : खरं सांग, ओळंबा कुणी घासला?

धाकटा : घासला कुठे? पुसला. बुडाशी मेणचट ढेकूळ होतं गं. उद्या देणगीदार तो हातात धरून फोटो काढणार. हात बरबटले असते त्यांचे.

ताई : ढेकूळ? अरे, चरबी होती ती!

धाकटा : तेच ते.

ताई : तेच ते कसं? किनारा अनोळखी, नकाशा नाही, समोर धुकं. अशात एक खलाशी दोरीला हा शिशाचा ओळंबा बांधून पाण्यात सोडायचा. दोरीवरून खोली कळायची. बुडाच्या खळग्यात चरबी, तिला तळाची वाळू चिकटून वर यायची. वाळू, चिखल की शिंपले, त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखायचे. असा ठिपका ठिपका मांडत अख्खा किनारा कागदावर आला.

धाकटा : पाठ आहे मला.

ताई : पाठ आहे आणि तरी पुसलीस? शेवटचा टाकला तेव्हाची वाळू होती रे ती. त्या जहाजाच्या कप्तानाचं नाव आपण चारी भिंतींवर लावलंय. त्या खलाशाचं नावही कुणाला ठाऊक नाही. त्याचं तेवढंच उरलं होतं.

धाकटा : हळू बोल. सुतार आहेत बाहेर.

ताई : ऐकू देत.

धाकटा : बरं बाई, चुकलो. आता जरा उलटा करून बघ.

ताई : हे काय?

धाकटा : मेणबत्ती वितळवून भरली, वर पुळणीवरची वाळू. हुबेहूब ना? कुणाच्या बापाला कळणार नाही.

ताई : आपल्या बापाला कळलं असतं. त्यांनीच जपला होता तो.

धाकटा : बाबा गेले, ताई. शाळेच्या सहली सोडल्या तर इथे चिटपाखरू फिरकत नव्हतं, दालनाला कुलूपच लागणार होतं. देणगीदार मिळवताना जोडे झिजले माझे. आता तू तोंड उघडलंस की सगळ्यावर पाणी. तुझ्या नोकरीवर, माझ्याही.

ताई : म्हणजे मी मूग गिळून बसायचं.

धाकटा : छे! बोलायचं, नेहमीसारखं. तुझ्यासारखं रंगवून कोण सांगतं?

ताई : लोणी लावू नकोस. किळस येते मला तुझी.

धाकटा : येऊ दे. पण सांगशील ना?

ताई : सांगीन. न सांगून जाते कुठे? दालन बंद झालं तर त्या खलाशाबद्दल एवढंही कुणी बोलायचं नाही. फक्त एक काम तू करायचंस.

धाकटा : बोल की.

ताई : शाळेची मुलं काचेला नाक लावून बघतात आणि त्यातलं एखादं पोर हटकून विचारतं, ‘ही वाळू खरीच का हो?’ उद्याही विचारेल. तेव्हा तू पुढे हो आणि उत्तर दे. माझ्याकडे बघू नकोस.