उगवतीकडं तोंड

मी इकडची नाही, हे तुमाले माझ्या बोलण्यावरून समजलंच असंन. माझं माहेर पार गोंदियाकडं, धानाच्या मुलखात, जिकडं पाहा तिकडं पाणी आन् बांध्या, आन् इथं कामरगावले आली तं सोयाबीन आन् तुरी, पावसाळ्यातबी पाय कोरडे. पहिल्या वर्षी मले समजेच ना का पाण्याबिगर हे लोकं पिकवतेत काय आन् खातेत काय. भाकर मले थापता येत नव्हती. अजूनबी एका अंगानं जाड होते.

शाळा माझी सहावीत सुटली. सुटली काय म्हणा, कोणी सोडवली नाही, रोवणा आला, धानाची लावणी, आन् मी मायसंगं बांधीत उतरली, दिवसभर चिखलात उभं राहून पायाच्या बोटात चिखल्या झाल्या, चप्पल घालवेना, तशी शाळेत कशी जाऊ, लाज वाटली. मंग पाय बरे झाले तं इतके दिवस काहून आली नाही म्हणून गुरुजी विचारतीन म्हणून लाज वाटली, मंग अजून दिवस गेले तं अजून लाज. अशी माझी शाळा लाजेनंच खाल्ली. काय सांगू तुमाले, मले तशी लाज फार. देवानं चार बायांची मले एकटीलेच देली असंन.

लग्नाचं असं झालं का, इकडं पोरांले पोरी भेटून नव्हत्या राह्यल्या. एक मधली बाई होती, तिनं जुळवलं. चार माणसं आले, चहा पेले, आन् मी इतक्या दूर मूर्तिजापूरच्या टेशनावर उतरली, तिथून जीपनं इथं. माझे मालक, म्हणजे पायलचे बाबा, तवाबी जीपच चालवत होते, कारंजा-कामरगाव. माणूस चांगला हाय, मारत नाही, फक्त बोलते कमी. पण गल्लीतल्या बाया, मी हापशीवर गेली का आपसात म्हणत, हेच ते झाडीवाली, धानाकडची, आणलेली. एकीनं तं तोंडावर विचारलं, काहो, आणली म्हणजे विकत आणली काय? मी हसली. काय करू, हसलीच. घरी येऊन बकेट ठेवली आन् मंग रडली.

तं पोरगी झाली, पायल. आता बारावं सरून तेरावं लागलं. आमच्या गल्लीच्या टोकाले, जिथून मुसलमानांचा मोहल्ला लागते, तिथं एका व्यापाऱ्याची वखार रिकामी पडून होती, तिथं पोरींसाठी केंद्र निंघालं. शाळा सुटल्यावर दोन तास. चित्र काढणं, नाच, नाटक, मातीचे मुखवटे, सारं फुकट. पहिल्यांदा कोणी पाठवेना. फुकट कायले शिकवतीन बाप्पा, काहीतरी असंनच, असं लोकं म्हणत. मी पाठवली. पण फुकटचं घेतलं का मले जेवण जात नाही, म्हणून मी जाऊन ते आंगण झाडून यायची, ताई यायच्या आधी. ताई म्हणजे तिथं शिकवणाऱ्या, वाशिमहून येतेत. त्या म्हणे, कुंदाबाई, झाडू ठेवा, आत येऊन बसा. मी म्हणे, नाही ताई, मी इथं चपलांपाशीच बरी.

पायलची जोडीदारीण सना. सनाचे अब्बा कपडे शिवतेत, सडकेवर दुकान हाय, आन् घरात चालते ते तिच्या दादीचं. दादी बांगड्या भरते, साऱ्या गावच्या हातांची तिले ओळख. सनाले केंद्रात जायची परवानगी कशी भेटली तं पायल घरी घ्यायले येईन आन् घरी सोडून देईन, या बोलीवर.

मंग एक दिवस ताईनं पोरींले विचारलं, तुमची माय काम करता करता काय गाते? पोरी म्हणे, टीवीतले. पायल म्हणे, माझी माय भांडे घासता घासता चिखलाचं गाणं गाते. झालं. ताईनं मले हाताले धरून आत नेलं. मी तं आधी भिंतीकडंच तोंड केलं. पण गाणं सुरू केलं आन् अंग आपोआप वाकलं. धान रोवतानी कसं असते, लुगडं गुडघ्याच्या वर खोचाचं, रोपाची पेंडी डाव्या हातात, वाकून रोवत रोवत मांगं मांगं सरकाचं, पुढं नाही, मांगं, नाहीतं रोवलेलं पायाखाली येते. आन् आमच्या घरी माय म्हणे, पहिली पेंडी उगवतीकडं तोंड करून लावाची, मंग ओळ धरून तसंच मांगं याचं. मी पोरींले तसंच शिकवलं. जी तोंड फिरवे तिले मी म्हणे, ना बाई, उगवतीकडं, उगवतीकडं. सना लय हसे. म्हणे, खाला, मेरी तो कमर गई. ताई दारात खुर्ची टाकून बसत, आन् दार उगवतीले होतं, तं पोरींचे तोंडं सारे ताईकडं. म्हणून ताईच्याबी ध्यानात आलं नाही.

तुमच्या आलं का ध्यानात? केंद्राचा कार्यक्रम ठरला होता गावापुढं, बाहेर आंगणात, ओट्यावर. आन् तो ओटा हाय आंगणाच्या पार उगवतीच्या भिंतीले. लोकं बसले मावळतीच्या अंगानं.

सारा गाव आला होता. बाया सतरंजीवर, माणसं मांगं उभे, पोट्टे भिंतीवर. सात पोरी आल्या, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, खालून सलवारी, आन् लोकांकडं पाहून नमस्कार केला, मंग शिकवल्यापरमानं गर्रकन उगवतीकडं फिरल्या आन् वाकल्या. सातच्या सात. लोकांकडं पाठ म्हणू, काय म्हणू आता तुमाले, पाठीच्या खालचं सारं. आन् तशाच गाणं म्हणत मांगं मांगं लोकांच्या अंगावर येऊन राह्यल्या.

एक पोट्टा भिंतीवरून वरडला, अबे रिवर्स घेऊन राह्यल्या, बाजू व्हा! मंग काय, सारं आंगण हसलं. शिट्या वाजल्या. बायासुद्धा पदर तोंडात घालून हसल्या. पोरींले समजेच ना काय झालं, त्यांचे मुंडके खाली. त्यांनी गाणं थांबवलं नाही. पायलचा आवाज मले वेगळा ऐकू येऊन राह्यला होता, तो कापत होता, पण बंद नाही झाला. आन् मी? मी चपलांपाशी बसली होती, मी पदर खाली ओढला आन् तशीच बसली. उठून फिरा बाई इकडं, एवढंबी नाही म्हणू शकली. धरतीनं पोटात घ्यावं असं वाटे.

जीपच्या अड्ड्यावर दुसऱ्या दिवशी तेच. पायलचे बाबा गाडी काढाले गेले तं कोणी म्हणे, काय रे, रिवर्स टाकून दाखव, तुह्या पोरीसारखा. ते घरी आले, जेवले, हात धुतला आन् म्हणे, उद्यापासून केंद्र बंद. पायलनं मुखवटा आणला होता घरी, अर्धा रंगवलेला, तो खाटेखाली सारला. आन् मी कोणत्या तोंडानं बोलू, शिकवलं तं मीच होतं ना.

चार-पाच दिवसांनी सनाची दादी दारात. मले वाटलं आता हे बाई मले उभी फाडते. बरोबरच हाय, पडद्यातली पोरगी, माझ्यापायी साऱ्या गावापुढं. मी तं आधीच हात जोडले, म्हटलं, दादी, माझं चुकलं. दादी उंबऱ्यावर बसली, बांगड्यांची पेटी खाली ठेवली, म्हणे, कायकी माफी? पहले पानी पिला. पाणी पिऊन मंग म्हणे, तेरी पायल कायको नहीं आती लेने को? सना रोज दुपट्टा ओढके दरवाजे में खडी रहती. तिचा बाप म्हणते पायल असंन तं जाईन, नाहीतं नाही, याच्यात माझंबी ऐकत नाही. मी म्हटलं, दादी, लोकं हसले. दादी म्हणे, हसनेवालों के दाँत मैं गिनूँ क्या? माझी पोरगी घरात सडून राह्यली ते सांग.

म्हणजे पाहा, आमच्या घरातून एक पोरगी बंद झाली आन् दुसऱ्या घरातली आपोआप बंद. रात्री मले भाकर जाईना. पायलचे बाबा ताटावर बसले होते, आन् मी त्यांच्याशी कधी वर तोंड करून बोलली नव्हती इतक्या वर्षांत, पण त्या दिवशी कसं निंघालं तोंडातून कोणास ठाऊक. म्हटलं, लोकं तुमाले नाही हसले. पोरीलेबी नाही हसले. ते गाणं माझं, ते वाकणं माझं, ते मले हसले. आन् मले तं ते आणली तवापासून हसून राह्यले, मी मेली काय? तुमी मले गावात फिरू देता का नाही? मंग तिलेबी जाऊ द्या. एवढं बोलली आन् मलेच इतकी लाज वाटली का मी उठून मोरीत गेली, धुतलेलेच भांडे पुन्हा घासत बसली.

पायलचे बाबा दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीनंतर घरी आले, गाडी दारात उभी केली आन् बाहेरूनच आवाज देला, पायल, तुह्या केंद्राची येळ झाली ना वं? ते सना उभी असंन. बस, एवढंच. पोरगी अनवाणीच पळाली.

आता जाते दोघी. केंद्रातल्या पोरींनी ठरवलं का ते गाणं पुन्हा करू. मले बोलावलं, मी गेली नाही, सांगून देलं माझी तब्येत बरी नाही. तं परवा साऱ्या पोरी ताईले घेऊन गाणं बसवाले माझ्याच घरी आल्या. माझी खोली केवढी, तुमी पाहूनच राह्यले, त्यात त्या सातजणी आन् ताई, कोणी खाटेवर, कोणी पाट्यावर, सना तं तांदळाच्या डब्यावर. चहा ठेवला तं घरात कप तीनच, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. मी दारामांगं उभी, आता काय करू. पायल म्हणे, आई, आण तसाच. तं त्या पोरी एकेका कपात दोघी-तिघी पेल्या, उष्टं-बिष्टं काही नाही, हिंदू-मुसलमान काही नाही. मले इतकी लाज वाटली का विचारू नका. पण कोणी उठून गेली नाही, म्हणून मीबी त्यांच्यात बसली. त्या ताईचं देव भलं करो. त्यांच्या लेकराबाळांले काही कमी पडू नये.