डॉक्टरांना विचारलेला खर्रा

तानबांच्या तोंडातल्या, बऱ्या न होणाऱ्या फोडाचा तपासणी-अहवाल आज मिळायचा होता. वर्ध्याच्या दवाखान्यात, माझ्या शेजारच्या बाकावर, ते आणि शोभाबाई हसू आवरत होते.

"डॉक्टरनं तोंड उघडा म्हटलं, अन् तुमी त्याले तंबाखूचा खर्रा देल्ला?"

"देल्ला नाई, विचारला. शेजारच्याले विचारल्याबिगर आपल्यात कोणी खाते का?"

"तपासासाठी फोडाचा तुकडा कापाले आलेल्या माणसाले?"

"म्हूनच तं! हात हलका ठेवंन म्हटलं."

"मंग?"

"'ड्युटीवर खात नाई' म्हणे."

"म्हंजे घरी खाते!"

"हळू हास वं, सारे पाहून राह्यले."

"पाहू द्या. लई दिवसानं हासली मी."

"तानबा गेडाम! रिपोर्ट आला, आत या."

"चला. अवो, तोंडावरचं हसू तं पुसा."

"राहू दे. बाहेर येतांनी असंन का नाई, कोणाले माईत."