मोरीच्या पलीकडचा दगड

(पोशेरा. जानेवारीतली दुपार. फागीचं अंगण, समोर डांबरी रस्ता.)

प्रगती: …केळी सात. उकडलेली रताळी नऊ. मिठाच्या पुड्या चार. गूळ वाटीभर, खडे मोजत नाही. नागलीचे लाडू बारा होते, आता अकरा आहेत.

फागी: एक मी खाल्ला.

प्रगती: आजी, ते मामासाठी आहेत.

फागी: बिगर तुपाचा लाडू गोड लागतो का, बघत होते.

प्रगती: मग? लागतो?

फागी: लागतो. त्याला सांगू नको. पुढं मोज.

प्रगती: पेजेचं मडकं एक, अर्धं भरलेलं. पाण्याचे हंडे दोन. डालगं एक, डालग्याखाली कोंबडा एक.

फागी: हं.

प्रगती: आवाज नाही त्याचा.

फागी: दुपारचा झोपला असंल. तो आरवतोय ना, तो शेजारी काळ्याच्या घराकडं. तुझं घड्याळ काय म्हणतं?

प्रगती: सहा तास चाळीस मिनिटं झाली. सकाळी सातला मामा धरणात उतरला. पोहणं एक किलोमीटर नऊशे मीटर, अठ्ठावन्न मिनिटं दहा सेकंद. सायकल जव्हारकडून मोखाड्याच्या अंगानं, दोन फेरे, नव्वद किलोमीटर, चार तास चाळीस मिनिटं. कपडे बदलायला नि बूट घालायला नऊ मिनिटं. आता धावणं. तीन फेऱ्या झाल्या, सात राहिल्या.

फागी: एका माणसानं एका दिवसात एवढं कशाला करायचं, ते लिहिलंय का कुठं?

प्रगती: ते नाही लिहिलं. ह्याला ट्रायथलॉन म्हणतात. मामाची ही पहिलीच, तीही लांब पल्ल्याची. स्पर्धेला जायचं तर फी आहे, राहणं-खाणं आहे, दुकान चार दिवस बंद ठेवायचं. म्हणून इथंच. अंतर तेवढंच, वेळ तेवढीच. साडेआठ तास.

फागी: साडेआठ मला पाठ हाय. साडेआठात नाय आला तर संध्याकाळी माझ्या हातचा कोंबडा खाणार. शब्द दिलाय त्यानं.

प्रगती: पण तू असला शब्द घेतलास कसा? चार वर्षं झाली त्याला सगळं सोडून. मांस, मासे, अंडी, दूध, मध सुद्धा.

फागी: दुधाचं मला काय नाय. आमच्यात आधी गाय पिळत नव्हते. वासराचं असतं ते. पण सुकट सोडली? चिंबोऱ्या सोडल्या? पाड्यात त्याच्यासारख्या चिंबोऱ्या कोण धरत नव्हतं. हात घातला बिळात की चिंबोरी बाहेर.

प्रगती: हे सगळं तो तबेल्यात होता त्यानंतरचं ना? मला त्यानं थोडंच सांगितलंय.

फागी: मला बी थोडंच. ठाण्याकडं म्हशींच्या तबेल्यात होता. नर रेडकू झालं की त्याला दूध नाय पाजायचं, दूध इकायचं. हा म्हणाला, आये, तीन दिवस वरडायचं ते, चौथ्या दिवशी मी उचलून टेंपोत टाकायचो. एवढंच बोलला. मग मोखाड्याला येऊन पंक्चरचं दुकान टाकलं नि ताटातलं एकेक काढत गेला.

प्रगती: आलाच बघ. मामा, चार! ही फेरी चौदा मिनिटं पन्नास सेकंद. काय देऊ?

धनेश: मीठ. पाणी.

फागी: लाडू खा.

धनेश: आये, तोंडात फिरत नाय. पेज दे. घोटभर.

फागी: हसतोस काय? तुझा कोंबडा वाट बघतोय.

धनेश: त्याला म्हणावं, टाइम है अभी.

प्रगती: गेला. आजी, चेहरा बघितलास? दुसरा कुणी असता तर आडवा झाला असता.

फागी: आडवा झाला होता की. गेल्या पावसाळ्यात सूर्यमाळच्या चढावर. चक्कर येऊन सायकलसकट पडला. जीपवाल्यानं आणून दारात ठेवला, पोत्यासारखा. तेव्हा तू होतीस का?

प्रगती: कॉलेजात होते. नंतर रक्त तपासून घेतलं त्याचं. बी-बारा कमी होतं, एकशे बारा. गोळ्या सुरू केल्या, आता चारशे साठ आहे. मीठही कमी पडत होतं. म्हणून ह्या पुड्या.

फागी: तू पुड्या बांधल्यास. मी कोंबडा बांधला. ज्याला जे येतं ते.

प्रगती: तुला खरंच वाटतं, तो कमजोर झालाय?

फागी: दिसतो तर बारीक. त्याचा बाप बी असाच बारीक होत गेला. बाईमाणसानं आपलं रांधायचं, बाकी कोण ऐकतं.

प्रगती: आजी, नव्वद किलोमीटर सायकल चालवून तो धावतोय. आमच्या वर्गातली कोंबडी-मटण खाणारी मुलं जव्हारचा चढ चालून चढताना तीनदा बसायची.

फागी: ते मी बघतेय. डोळे हायत मला.

प्रगती: पाच, मामा! पंधरा दहा.

धनेश: रताळं. नाय, हातात दे. चलता हूँ.

फागी: ह्या बोलण्यातलं हिंदी बी सोडायला सांग त्याला.

प्रगती: दमला की हिंदी येतं त्याला. आजी, एक सांग, हे अंतर मी कसं मोजलं माहीत आहे? त्याच्याच सायकलच्या चाकाला लाल दोरा बांधला, सायकल हातात धरून चालत गेले, दोरा वर आला की एक. अंगणापासून रस्त्याखालची मोरी ओलांडून पुढं पांढऱ्या दगडापर्यंत पाचशे दोन वेळा आणि वर थोडं. एक किलोमीटर पंचावन्न मीटर. जाऊन-येऊन दोन किलोमीटर एकशे दहा. दहा फेऱ्यांत एकवीस किलोमीटर शंभर मीटर बरोबर येतात. दगडाला चुना लावला, भोवती फक्कीचा गोल काढला.

फागी: पाचशे दोन.

प्रगती: दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेवढेच.

फागी: पोरी, त्या दगडाचं…

प्रगती: काय?

फागी: काय नाय. पाणी भर तांब्यात.

प्रगती: सहा! पंधरा चाळीस. मामा, मस्त चाललंय. नऊ-दहा मिनिटं हातात राहतील असा वेग आहे.

धनेश: बोलू नको. पाय मोजतोय.

फागी: मोजायची खोड अख्ख्या घराला लागली.

प्रगती: नऊ मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली, आजी. संध्याकाळी कोंबड्याला सोडून द्यावं लागेल तुला.

फागी: तू लिही तुझं.

प्रगती: पण ह्या वेळी उशीर लागला. सोळा मिनिटं होऊन गेली. आला. मामा, सात! लंगडतोयस का?

धनेश: पोटरीत गोळा आला. दगडापाशी बसलो. प्रगती, दगड हललाय.

प्रगती: कुठं हललाय?

धनेश: तो मोरीला टेकून हाय. फक्कीचा गोल पुढं हाय, मोरीच्या पार पलीकडं. गोलात काय नाय. डोकं खाली घालून पळत होतो, सहा फेऱ्या दिसलंच नाय.

प्रगती: मी स्वतः गोलात ठेवला होता. काल दुपारी.

फागी: मी नेला होता.

धनेश: आये?

फागी: काल संध्याकाळी. कोंबडा डालगं उलटवत होता. वर ठेवायला जड काय मिळंना, लाकडं घेऊन येताना तोच उचलून आणला. पहाटे अंधारात परत नेऊन ठेवला. मला वाटलं, मोरीपाशीच होता.

प्रगती: म्हणजे सगळ्या फेऱ्या कमी भरल्या.

फागी: त्याला काय झालं? दगडापर्यंत जायचं ठरलं होतं, दगडापर्यंत गेला. चूक माझी हाय.

प्रगती: मामा, तसं मी लिहू शकते. खाली टीप देईन, दगड जागेवरून हलला होता म्हणून.

धनेश: टीप नको. किती कमी पडलं ते मोज. मी पुढच्या फेऱ्या गोलापर्यंत करतो, सातांचं उरलेलं शेवटी पळतो.

प्रगती: वेळ जाईल. नऊतली किती मिनिटं त्यातच जातील कुणास ठाऊक.

धनेश: जाऊ दे.

फागी: धना, ऐक की. कोण बघायला येणार हाय?

धनेश: आये, मी बघितलं ना. निघालो.

प्रगती: आजी, मला घड्याळ सोडून जाता येत नाही. टेप घेऊन तू जाशील?

फागी: टेपावरलं मला वाचता येत नाय. विहिरीचा दोर घेते नि काळ्याच्या गाडीवर जाते. दगड बी गोलात ठेवून येते.

प्रगती: दगड आधी हलवू नकोस. आधी मोज.

फागी: एवढं कळतं.

प्रगती: …आलीस? धापा टाकतेयस. बस आधी.

फागी: बसत नाय. चार दोर आणि वर माझा एक हात. कोपरापासून बोटापर्यंत.

प्रगती: दोर पसर. नऊ मीटर नव्वद. चार वेळा, एकोणचाळीस साठ. आता हात. चाळीस सेंटिमीटर. एकूण चाळीस मीटर.

फागी: बरोबर?

प्रगती: बरोबर चाळीस. जाऊन-येऊन ऐंशी. सात फेऱ्यांचे पाचशे साठ मीटर.

फागी: म्हणजे किती वेळ?

प्रगती: ताज्या पायांनी चार मिनिटं. ह्या पायांनी मला माहीत नाही. आठवी होतेय. मामा, आठ! पाचशे साठ मीटर राहतात. अंगणापासून दोनशे ऐंशीवर मी आता रेघ मारते, शेवटी तिथं जाऊन यायचं.

धनेश: बरं.

फागी: पाय दाखव. दगडासारखी झालीय पोटरी. तेल लावू का?

धनेश: आये, कसलं?

फागी: खुरासणीचं रे. मला काय कळत नाय का.

धनेश: लाव. जोरात. बस. बस झालं.

प्रगती: सतरा मिनिटं लागली ह्या फेरीला.

फागी: टेप घे तुझी. रेघ मार जा. तोपर्यंत घड्याळाकडं मी बघते, आकडा तू येऊन वाच.

प्रगती: …मारली. दोनदा मोजली. इथून दिसते, पळसाच्या पुढं. आला तो. नऊ. आठ तास आठ मिनिटं.

फागी: थांबवू नको त्याला. पेज हातात दे.

धनेश: आये, कोंबडा ठीक हाय?

फागी: तू पळ.

प्रगती: आजी, तू रडतेयस?

फागी: डोळ्यात धूर गेला.

प्रगती: चूल कधीच विझली.

फागी: तुझ्या वहीत ते बी लिही मग. ह्या पोरानं लहानपणी माझं एक काम धड केलं नाय. पाणी आण म्हटलं तर अर्धा हंडा सांडून यायचा, वर सांगायचा, भरलाच होता. आता कोण विचारत नाय तर पाचशे साठ मीटर स्वतः मागून घेतो.

प्रगती: मी टीप देणार होते.

फागी: मी बी दडवणार होते. आपण दोघी सारख्याच.

प्रगती: आला. मामा, दहा! आठ तास पंचवीस मिनिटं. रेघेपर्यंत आणि परत, तेवढंच. पाच मिनिटं आहेत.

धनेश: पुरतील?

प्रगती: पळालास तर.

फागी: बोलत ठेवू नको त्याला, जाऊ दे.

प्रगती: धावतोय. आता चालतोय. परत गोळा आला वाटतं. वाकला.

फागी: रेघ आली का?

प्रगती: अजून नाही. दहा-बारा पावलं. आत्ता आली. आजी, त्यानं वाकून हात लावला रेघेला.

फागी: लावणारच. फिरला का?

प्रगती: फिरला.

फागी: पाय ओढतोय.

प्रगती: हो.

फागी: किती झाले?

प्रगती: आल्यावर सांगते.

फागी: तुझ्या तोंडावर दिसतंय मला. त्याच्याकडं बघ, घड्याळाकडं नको. बघ, परत पळायला लागला. कशाला पळतोस रे आता, चालत ये की.

प्रगती: त्याच्याकडं घड्याळ नाही, आजी.

धनेश: थांबव.

प्रगती: थांबवलं.

धनेश: किती?

फागी: पोरी, आत्ता सांगू नको. आधी मी बोलते. धना, ते डालगं उचल.

धनेश: आये, वाकता येत नाय मला.

फागी: मग प्रगती, तू उचल.

प्रगती: आजी. खाली काहीच नाही.

फागी: नाय ना?

प्रगती: मी कोंबडा एक लिहिलाय वहीत.

फागी: उचलून बघितलं होतंस?

प्रगती: नाही.

फागी: पहाटे मोटरसायकलवर बसायच्या आधी ह्यानं डालग्याच्या फटीतून मूठभर नागली टाकली आत. मी दारातून बघत होते. हरला तर तोच खायचाय, आणि त्यालाच दाणे टाकतो. ह्याची गाडी गेली नि मी वरचा दगड उचलला. कोंबडा बी निघाला, दगड बी गेला रस्त्यावर. सकाळपासून काळ्याच्या अंगणात आरवतोय तो.

धनेश: मग दिवसभर त्याचं नाव घेऊन मला कशाला पळवलंस?

फागी: तुला पळायचं होतं ना? बस आता. पेज पी, लाडू खा, दहा राहिलेत.

प्रगती: अकरा होते.

फागी: रेघ मारायला गेली होतीस तेव्हा आणखी एक खाल्ला. आता सांग त्याला. वहीत जसं हाय तसं.

प्रगती: पोहणं एक किलोमीटर नऊशे मीटर. सायकल नव्वद किलोमीटर. धावणं एकवीस किलोमीटर शंभर मीटर. आठ तास, एकतीस मिनिटं, सहा सेकंद.