गळक्या नळाचे चाहते

आमच्या गारखेड्याच्या वहिनीचं कळलं का तुम्हाला? एका मालिकेच्या चाहत्या बायकांचा ग्रुप आहे. तिथं वहिनी हिरो-हिरोइनचे सीन जोडून, मागं दर्दभरं गाणं लावून व्हिडिओ टाकते. ग्रुपचा रिवाज असा, की कुणीही काहीही टाकलं तरी लगेच 'रडले गं' लिहायचं. व्हिडिओ बघायची सक्ती नाय.

परवा बाथरूमचा नळ गळायला लागला. वहिनीनं त्याचा व्हिडिओ काढला आणि प्लंबरला पाठवायचा तो चुकून ग्रुपवर टाकला. शेजारी रेडिओ चालू होता, त्यामुळं गाणंही आपोआप आलं. चूक कळून ती खोडायला गेली, तोवर धडाधड 'रडले गं' सुरू! फुलंब्रीच्या एका ताईंनी तर लिहिलं, "हिरोला न दाखवता त्याचं दुःख दाखवलंस, लई भारी!"

मी म्हटलं, "वहिनी, खरं काय ते सांगून टाक ना."

"गप बसा भाऊजी! आज पहिल्यांदा कुणीतरी माझा व्हिडिओ बघून काहीतरी लिहिलंय."

संध्याकाळी दादानं बोलावलेला प्लंबर पाना घेऊन हजर. वहिनीनं त्याला दारातच अडवलं.

"आज नको. दुसऱ्या भागाचं शूटिंग राहिलंय."