ब्रेकच्या दोन पिना

हॅलो? … हॅलो, गिरिजा? मी वनजा. समोरच्या डॉक्टर वादिराजांच्या दवाखान्यातून बोलतेय… हो, हो, दसऱ्याचा नमस्कार मागाहून. अगं ऐक ना. तू मागं म्हणाली होतीस, पुस्तक वाचून मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी मूल बसवू नकोस… तेच. आणि मी हसले होते. तुला भित्री म्हटलं होतं.

हे आले का तुमच्याकडे? … मोटारीतून, सयाजीला घेऊन. गाडी तुमच्या फाटकाशी लावून पुढं मिरवणूक बघायला बन्नीमंटपाला चालत जाणार होते… नाही आले? अर्धा तास झाला की निघून.

पेट्रोल नाही गं संपलेलं… गिरिजा, मला बोलू दे. गाडीचा ब्रेक नुसत्या तारेनं बांधलाय.

कुणी म्हणजे? ह्यांनीच. पंधरा वर्षांची जुनी फ्रेंच गाडी. म्हणे सोपी आहे, सगळं उघड्यावर दिसतं, चार नट आणि दोन सळ्या, मिस्त्री कशाला… खोलायला सोपीच, अल्लवा, नाही का? अंगणभर पसरली होती. जोडायला बसले तेव्हा कळलं, आपले पाने इंचातले आणि गाडी मिलिमीटरातली. एक पाना धड बसेना. तीन आठवडे नट ठोकताहेत.

नाही, ब्रेक जोडत आणला होता. सळी चाकाशी धरणाऱ्या दोन पिना तेवढ्या राहिल्या होत्या. वाटीत ठेवल्या होत्या. काल आयुधपूजा… हो ना. सासूबाईंनी पाने, पक्कड, हातोडी, दिसेल ते लोखंड पाटावर मांडलं. पिनांसकट. आता पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही. संध्याकाळी उतरायची.

तेच म्हणते मी. एवढा इंजिनाशी झगडणारा माणूस, आईपुढं तोंड उघडत नाही. सुम्मने, गुपचूप तार घेतली, हातानं पिळली, आणि पोराला शेजारी बसवून निघाले. मला एका शब्दानं सांगितलं नाही. आत्ता सासूबाई सहज बोलल्या, कौतुकानं… हो, कौतुकानं, माझ्या लेकानं देवाचा मान राखला म्हणून.

त्यांना काय बोलू? त्यांना ब्रेक ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. महाराणी कॉलेजात फिजिक्स शिकले मी… आणि काल आरतीच्या वेळी त्या पिनांना कुंकू मीच लावलं, गिरिजा. बोटानं एकेकीला. मला वाटलं, जास्तीच्या असतील.

हातब्रेक? त्याच्या पट्ट्या न्हाणीत घासलेटात भिजताहेत.

रडत नाहीये मी. संताप आलाय… रस्त्यात माणूस मावत नाहीये आज, घोडे, हत्ती, शेजारच्या खेड्यांतल्या बैलगाड्या. हे हॉर्न वाजवत त्यातून…

एक्स्चेंज, लाइन तोडू नका हो, आमचं झालेलं नाही… गिरिजा? आहेस ना? भावजींना नको उठवूस, तूच जा. फाटकाआड उभी राहा. हिरवी गाडी, टप उघडा. आणि हे बघ, दिसले तरी हात करू नकोस. बेडा, नको, हाकसुद्धा मारू नकोस. तू दिसलीस की कचकन ब्रेक दाबतील, आणि तार तुटेल.

नुसतं बघ, सयाजी बसलेला आहे ना… पुढच्या सीटवर, डावीकडं. लाल टोपी. तेवढं बघून ये. मी फोन धरून उभी आहे.