वायवरून यॅक्स्ली

...नाही, पण मला एक सांगा, आडनाव काय माणूस दुकानात जाऊन पसंत करून आणतो का? बापाचं असतं, बापाच्या बापाचं असतं, येऊन पडतं गळ्यात! माझ्या गळ्यात पडलं यॅक्स्ली. लेनर्ड यॅक्स्ली, वायवरून. आणि आमच्या जिल्हा कौन्सिलच्या मतपत्रिकेवर नावं लागतात आडनावाच्या अक्षरक्रमाने... म्हणजे वायवाला कुठे? तळाला! बत्तीस वर्षं, नऊ निवडणुका, मी तळाला. आणि वरच्या टोकाला कोण? माझा शेजारी डेस्मंड ॲपलगार्थ! एवरून! आणि त्याने केलं काय म्हणाल तर... नुसती सही!

आता तुम्ही म्हणाल, शेजारी वर गेला तर तुझं काय जळतं? जळतं! खोटं कशाला बोलू, चांगलं धडधडून जळतं. तुम्हाला सांगतो, सत्त्याऐंशी साल. आमच्या नेदर वॉक्सबी वॉर्डात जागा दोन, मतदाराला मतं दोन, म्हणून पक्षालाही उमेदवार हवेत दोन. एक मी. दुसरा काही मिळेना. पक्षाचे लोक म्हणाले, लेन, कागदी उमेदवार आण कुणीतरी. कागदी म्हणजे नाव तेवढं कागदावर. भाषण नको, प्रचार नको, आणि निवडून यायचं तर नकोच नको. मी कुंपणावरून डोकावलो. डेस्मंड गवत कापत होता. म्हटलं, एक सही देतोस का? म्हणाला, कशावर? म्हटलं, काही नाही रे, नुसती! तर पठ्ठ्याने हातातलं यंत्रसुद्धा बंद केलं नाही, त्याच्यावरच कागद ठेवला, थरथरत्या यंत्रावर थरथरती सही ठोकली आणि लागला परत गवताला.

मग मी काय केलं ते ऐका. अकराशे घरं! अकराशे पत्रकं! आमच्याकडे दाराच्या पत्रपेटीचं भोक कुठे असतं, तर घोट्याशी! वाकायचं, बोटं आत घालायची, आणि आत कोण बसलेलं असतं? कुत्रं! दोन बोटांना टाके, एक धनुर्वाताचं इंजेक्शन, छातीवर पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल, पाऊस... आणि डेस्मंड त्या आठवड्यात कुठे? तेनेरिफला! बायकोला घेऊन, समुद्रावर पालथा पडलेला!

निकाल! ॲपलगार्थ सहाशे बारा. दुसरे विरुद्ध पक्षाचे बॅगशॉ, बीवरून बरं का, पाचशे अठ्ठ्याण्णव. यॅक्स्ली पाचशे एकाहत्तर! अहो, लोक पेन्सिल उचलतात, दोन मतं द्यायची असतात, वरून सुरुवात करतात, एक फुली, दोन फुल्या, झालं, निघाले घरी चहाला! खाली येतंय कोण? आणि तेनेरिफला फोन करून अभिनंदन कुणी करायचं? मी! तर पलीकडून काय आवाज येतो? "लेन... म्हणजे आता मला नक्की काय करावं लागेल?" त्याला कौन्सिल कुठल्या इमारतीत भरतं तेही ठाऊक नव्हतं हो! नुसती सही केली होती त्याने!

बरं, एकदा झालं, चुकून झालं, समजू शकतो. पण एक्याण्णव? पंच्याण्णव? नव्व्याण्णव? दर चार वर्षांनी मे महिन्यातला गुरुवार उजाडायचा, तो वर, मी खाली. कधी सत्तावीस मतांनी पडलो, कधी नव्वदने, एकदा तर चक्क सहा! आणि मधल्या काळात याची चढती कमान बघा. आधी सदस्य. मग नियोजन समितीत. मग उपाध्यक्ष, म्हणजे कौन्सिलच्या दारात गाडी लावायला स्वतःची जागा, पांढऱ्या रंगाने आखलेली! मग अध्यक्ष! गळ्यात अध्यक्षपदाची ही एवढी साखळी! बाजारातल्या नव्या संडासाचं उद्घाटन याच्या हस्ते, पेपरात फोटो, कात्रीसकट! मी तो फोटो किती वेळ बघत बसलो असेन, सांगा. संडासाचं तर संडासाचं, पण कात्री माझ्या हातात हवी होती हो.

आणि कळस म्हणजे, अभ्यास कोण करायचं? दर मंगळवारी कुंपणावर याचं डोकं उगवायचं. "अरे लेन, हा गटारांचा ठराव म्हणजे काय रे भानगड?" मी समजावायचो. नकाशा काढून समजावायचो! मूर्ख मी! शुक्रवारी पेपरात छापून यायचं... अभ्यासू सदस्य ॲपलगार्थ यांनी गटारांचा प्रश्न मुद्देसूद मांडला. मुद्दे माझे, गटारं गावाची, नाव त्याचं! बरं, माणूस वाईट असता तर शिव्या तरी मोकळेपणाने दिल्या असत्या. तेही सुख नाही. दर वेळी निकालानंतर येऊन खांद्यावर हात ठेवणार, लेन, खरं तर तूच यायला हवा होतास. वर खरंच डोळ्यात पाणी! काय करायचं अशा माणसाचं?

मग एक दिवस मी ठरवलं. बहात्तर वर्षं झाली मला, एकदा, फक्त एकदा, 'हे निवडून आल्याचं जाहीर करते' हे वाक्य माझ्या नावापुढे ऐकायचं, मग डोळे मिटले तरी चालेल. आमची म्यूरिअल माहेरची कोण? ॲब्स! ए, बी, बी, एस! ॲपलगार्थच्याही वर! गेलो वकिलाकडे, केलं शपथपत्र, झालो लेनर्ड ॲब्स. म्यूरिअल म्हणाली, लग्नात मी तुझं नाव घेतलं, आता तू माझं घेतलंस, मग मी आता कुणाचं लावू? म्हटलं, ते निकालानंतर बघू.

आणि तेवीस सालची दहावी निवडणूक! डेस्मंड आणि मी, पुन्हा एकाच पक्षाचे दोघे. समोर तेच म्हातारे बॅगशॉ. गुडघे गेलेत माझे, तरी दारोदार गेलो. आणि चमत्कार सांगतो, दारं उघडत होती! लोक आत बोलावत होते! बिस्किटं पुढे करत होते! म्हणत होते, लेन, किती वर्षं उभा राहतोस रे बाबा, या खेपेला तुलाच. मी म्हणायचो, नक्की ना? म्हणायचे, नक्की! छाती अशी फुगली माझी की बास. आता तुम्ही विचाराल, नाव बदललंय हे सांगितलंस का? अहो, मला दारात सगळे लेन म्हणतात, लेनला लेन म्हटल्यावर आडनाव निघतंय कुठे? पत्रकावर होतं की छापलेलं, ठळक! पण पत्रक वाचतंय कोण!

शुक्रवारी सकाळी मोजणी. दुपारी निवडणूक अधिकारी बाईंनी आम्हा उमेदवारांना टेबलाशी बोलावलं. शंकास्पद मतपत्रिका उमेदवारांना दाखवून मग निर्णय देतात आमच्याकडे. पहिली ठेवली. वर ॲब्स, कोरा. ॲपलगार्थ, फुली. आणि तळाला, शेवटच्या रेघेच्या खाली, कुणीतरी पेन्सिलीने स्वतः नवीन ओळ आखलेली, यॅक्स्ली असं लिहिलेलं, पुढे चौकोन काढलेला, आणि चौकोनात फुली.

बाईंनी दुसरी ठेवली. तशीच. तिसरी. एकीवर तर लिहिलं होतं, 'यॅक्स्लीला विसरलात, लाज वाटायला हवी.' अशा एक्केचाळीस निघाल्या! बत्तीस वर्षं लोकांनी मला तळाला पाहिलेलं, हो! शब्द दिल्याप्रमाणे मत द्यायला आले, सरळ तळाशी गेले, तिथे मी नाही! मग बिचाऱ्यांनी मला हाताने काढलं!

मी म्हटलं, बाई, यांच्या मनात काय आहे ते आंधळ्यालाही दिसेल. त्या चष्म्यावरून बघत शांतपणे म्हणाल्या, "मतदाराचा हेतू स्पष्ट आहे, मिस्टर ॲब्स. पण यॅक्स्ली नावाचा उमेदवार नाही." बरं, मग या मतपत्रिका बाद? तर तेही नाही! वरची फुली वैध. म्हणजे माझ्या दयेपोटी आलेली एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माणसं मोजली गेली ती ॲपलगार्थच्या खात्यात! तो पुन्हा पहिला. बॅगशॉ तीनशे बेचाळीस. ॲब्स तीनशे चार. अडतीसने पडलो. डेस्मंड आला, खांद्यावर हात ठेवला, डोळ्यात पाणी... त्याच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला हो मला त्या क्षणी, मला तर तेवढंही जमेना.

आणि त्या ढिगाऱ्यात एका मतपत्रिकेवरचा वाय मला ओळखीचा वाटत होता. शेपटाला गाठ मारलेला. अठ्ठेचाळीस वर्षं किराण्याच्या यादीवर, वाढदिवसाच्या कार्डांवर पाहिलेला. घरी आलो, कोट काढला, म्हटलं, म्यूरिअल, तू कुठे फुली मारलीस? ती किटली भरत होती. म्हणाली, "अरे, हात आपोआप खालीच गेला. तू दिसला नाहीस, म्हणून काढला तुला." म्हटलं, आणि दुसरं मत? म्हणाली, "डेस्मंडला. दोन असतात ना."

मी पेन्सिल घेतली, बेरीज केली. तीनशे चार आणि एक्केचाळीस, तीनशे पंचेचाळीस. बॅगशॉपेक्षा तीन जास्त. म्हणजे मंडळी, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा नेदर वॉक्सबीने यॅक्स्लीला निवडून दिलं होतं. तो उभा नव्हता, एवढंच.